डॉक्टर सांगतील

पूर्णिमाबद्दल ऑफिसात कुणी कुजबुजायला लागलं की मी खुर्ची फिरवून त्यांच्याकडं तोंड करून बसते. मग विषय बदलतो. सासू गेली ती हिच्यामुळं, असं म्हणतात. खोटं म्हणतात असं मी म्हणणार नाही. पण म्हणणाऱ्यांतला एकही जण तिच्या जागी वेगळा वागला असता असं मला वाटत नाही, आणि चहाचा कप हातात धरून सांगितलेल्या त्या शहाणपणाची मला मनापासून चीड येते.

आमचं ऑफिस राजारामपुरीत, एका क्लासच्या वरच्या मजल्यावर आहे. खाली पोरं अकरावीचं फिजिक्स घोकतात आणि वर आम्ही अमेरिकेतल्या म्हाताऱ्यांची दुखणी वाचतो. तिकडं माणूस दवाखान्यात जाऊन आला की डॉक्टरनं त्याच्याबद्दल लिहिलेलं सगळं आमच्या पडद्यावर येतं. ते वाचायचं आणि प्रत्येक आजाराला ठरलेला कोड लावायचा, एवढंच काम. त्या कोडवर तिकडच्या विमा कंपनीचा कारभार चालतो. लग्नकार्यात कुणी विचारलं की हे समजावून सांगता सांगता तोंड दुखतं. पूर्णिमाच्या सासूनं, धोंडुबाईनं, ते कधीच एका वाक्यात बसवलं होतं. ती गल्लीत सांगायची, "आमची सून अमेरिकेच्या आजाऱ्यास्नी नंबर देती."

कामाची वाटणी झाली तेव्हा आमच्या टीमच्या वाट्याला लघवीचे आजार आले. तेव्हापासून बाकीचे आम्हाला मूत्रिमंडळ म्हणतात. हसायला ठीक आहे, पण कामात खाचाखोचा फार. डॉक्टरनं नुसतं लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग झालाय असं लिहिलं तर एक कोड, तो आम्हाला झोपेतसुद्धा येतो, एन थर्टीनाईन पॉइंट झिरो. मूत्राशयाला झालाय म्हटलं की दुसरा, किडनीपर्यंत गेलाय म्हटलं की तिसरा. जंतूचं नाव दिलं असेल तर त्याचा कोड वेगळा जोडायचा. बाहेरच्या बाहेर तपासून घरी पाठवलेल्या पेशंटबद्दल डॉक्टरनं 'बहुतेक संसर्ग असावा' असं लिहिलं असेल, तर संसर्ग धरायचाच नाही, नुसती जळजळ धरायची.

आणि या सगळ्याच्या वर एक नियम. कोड लावणाऱ्यानं आजार स्वतः ठरवायचा नाही. लघवीच्या तपासणीचा रिपोर्ट समोर असतो, त्यात पू दिसतो, जंतू दिसतात, पण डॉक्टरनं संसर्ग हा शब्द लिहिला नसेल तर आमच्या लेखी संसर्ग नाही. फार तर डॉक्टरला प्रश्न पाठवायचा आणि उत्तराची वाट बघायची. नियम चांगला आहे, माझं त्याच्याशी भांडण नाही. आमच्यासारख्या बी.एस्सी. झालेल्या बायका कोल्हापुरात बसून तिकडच्या माणसांचे आजार ठरवायला लागल्या तर ते कुणालाच परवडणार नाही.

पूर्णिमाचं माहेर मलकापूरचं. बी.एस्सी. झाली आणि लगेच लग्न झालं. नवरा बाळासो दूध संघाच्या टँकरवर ड्रायव्हर. माणूस सरळ, पण घरात कमी आणि रस्त्यावर जास्त. मुलगी झाली तेव्हा धोंडुबाई गारगोटीकडच्या आपल्या गावाहून बाळंतपणाला म्हणून आली आणि राहिलीच. ऑफिसच्या मागच्या गल्लीत वरच्या मजल्यावर भाड्याच्या दोन खोल्या, आणि संडास खाली, घरामागच्या परड्यात. कोडिंगचा क्लास लावावा असं पूर्णिमाच्या मनात होतं, पण पोर अंगावरची. ती कुणापाशी बोललीही नव्हती. ते सासूनंच ओळखलं. "पोरीला मी बघती," ती म्हणाली. "तू जा. माझ्यागत शेणात हात घालून जलम काढू नगंस."

पूर्णिमा परीक्षा पास झाली त्या दिवशी धोंडुबाईनं गल्लीभर पेढे वाटले. कशाचे म्हणून कुणी विचारलं तर तिला सांगता आलं नाही, म्हणून तिनं विचारणाऱ्यालाच झापलं. दोघींचं फार गुळपीठ होतं असं नाही. भाजीत मीठ किती यावरून दोघी आठवडाभर अबोला धरत. पण सुनेचा डबा भरल्याशिवाय म्हातारी अंघोळीला जायची नाही, आणि सासूच्या पायाला तेल लावल्याशिवाय ही अंथरुणावर पाठ टेकायची नाही. माझ्या घरात सख्ख्या माणसांत मी एवढं बघितलेलं नाही.

नोकरीच्या पहिल्या वर्षात पूर्णिमाकडून एक चूक झाली. एका म्हातारीच्या रिपोर्टमध्ये पू आणि जंतू भरभरून दिसत होते, म्हणून तिनं संसर्गाचा कोड लावला. डॉक्टरनं तसं लिहिलेलं नव्हतं. आमचं काम तपासायला अभिनंदन सर असतात. जयसिंगपूरचे, आवाज कधी चढत नाही, आणि त्यामुळंच त्यांचं बोलणं जास्त लागतं. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, रिपोर्ट तुम्ही वाचायचा नसतो. डॉक्टरांनी रिपोर्टबद्दल काय लिहिलंय ते वाचायचं असतं." पूर्णिमा बाथरूममध्ये जाऊन रडली, तोंड धुऊन आली आणि त्या दिवसापासून आमच्यात सगळ्यांत कडक झाली. नवीन पोरी आल्या की शिकवायला तिच्याकडं पाठवायचे. शेजारीण म्हणाली की पोराला टायफॉईड झालाय, तर ही आधी विचारणार, डॉक्टर म्हणाले का. आम्ही तिला चिडवायचो की तू देवासमोर उभी राहिलीस तरी आधी डॉक्टरची चिठ्ठी मागशील. तीही हसायची. तिला त्याचा अभिमान होता, आणि असायला हरकत नव्हती.

त्या पावसाळ्यात धोंडुबाईनं पाणी पिणं सोडलं. सोडलं म्हणजे तोंडापुरतं प्यायची. जिन्याच्या फरशीला शेवाळ धरलेलं, गुडघे कामातून गेलेले, परड्यात जायचं तर दर खेपेला सुनेनं हात धरून न्यायचं आणि आणायचं. तेवढ्यासाठी सुनेला ऑफिसातल्या कामावरून उठवायचं तिच्या जिवावर यायचं. त्यावर तिनं आपल्या डोक्यानं उपाय काढला, पाणीच प्यायचं नाही. पूर्णिमा सकाळी तांब्या भरून उशाशी ठेवायची, तो संध्याकाळी तसाच असायचा. भांडणं झाली. पूर्णिमानं खोलीत भांडं ठेवते म्हटल्यावर म्हातारी दोन घास न जेवता उठली. ज्या खोलीत माणसं जेवतात त्या खोलीत बसायचं, हे तिला मरणापेक्षा वाईट वाटत होतं.

गणपती बसले आणि धोंडुबाई एका सकाळी सुनेच्या कानाशी येऊन म्हणाली की उन्हाळी लागलीय. आपल्याकडच्या बायका लघवीच्या जळजळीला हेच म्हणतात, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटावं ऊन बाधलंय. पूर्णिमानं धने-जिरं भिजत घातलं, गाळून दिलं. बाळासोला सांगायचं नाही अशी शपथ म्हातारीनं घातली. पोटच्या पोराला हे कसं सांगायचं. मग अंगात हुडहुडी भरली, ताप चढला, आणि शनिवारी उजाडता उजाडता ती अंथरुणात उठून बसली आणि गावाकडची म्हैस शोधायला लागली. पूर्णिमाला ती आक्का म्हणत होती. आक्का म्हणजे तिची थोरली बहीण, जी कधीच वारली होती.

पूर्णिमानं रिक्षा बोलावून तिला गल्लीतल्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर चांगले आहेत, मीही त्यांच्याकडंच जाते. त्या आठवड्यात घरोघरी ताप होता आणि दवाखान्यात उभं राहायला जागा नव्हती. तरी त्यांनी नीट विचारलं, आजी, लघवीला काही त्रास. धोंडुबाईला आपण कुठल्या गावात आहोत ते सांगता येत नव्हतं, पण हा प्रश्न तिला बरोबर कळला. तिनं मान हलवली आणि टेबलाखालून सुनेच्या मनगटाला चिमटा काढला. पूर्णिमा गप्प बसली. म्हातारीला बाहेर बसवून आपण एकटीनं आत येऊन सांगू असं तिनं ठरवलं होतं. बाहेर आली तोवर पुढचा पेशंट आत गेला होता, म्हातारी बाकावरून उठून चालायला लागली होती, आणि ते राहून गेलं.

डॉक्टरांनी व्हायरल ताप आणि अशक्तपणा असं लिहिलं. या वयात तापात माणूस बरळतं, म्हणाले. तापाच्या गोळ्या दिल्या, तरी रक्त आणि लघवी तपासायला पाठवली आणि रिपोर्ट आले की दाखवा म्हणून सांगितलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांना जे सांगितलं गेलं त्यावर त्यांनी लिहिलं.

त्या दिवशी दुपारून पूर्णिमा ऑफिसला आली. महिनाअखेर होती, सुट्टी मिळत नव्हती, म्हातारीजवळ आणि पोरीजवळ शेजारीण बसली होती. संध्याकाळकडं तिचा मोबाइल वाजला. तिनं तो उघडला, वरपासून खालपर्यंत वाचला आणि पालथा घालून टेबलावर ठेवला. मी विचारलं काय गं, तर म्हणाली, आत्तींचा रिपोर्ट आलाय. सासूला ती आत्ती म्हणायची. काय आहे म्हटल्यावर म्हणाली, "डॉक्टर सांगतील." आणि ती पुन्हा पडद्याकडं वळली. आमच्यात हे उत्तर इतकं रोजचं आहे की माझ्या कानाला त्यात काही वावगं लागलं नाही.

तिनं रिपोर्ट डॉक्टरांच्या मोबाइलवर पाठवून दिला होता. डॉक्टर गौरीसाठी गावाला गेलेले. दवाखाना रविवारी आणि सोमवारी बंद राहील असा फळा दारावर लागला होता. निरोप पोचला, पण कुणी बघितल्याची खूण काही येईना. पूर्णिमा ती खूण बघत बसली. डॉक्टरला प्रश्न गेलेला होता, उत्तर यायचं होतं, तोवर तो कागद बाजूला ठेवायचा. आम्ही रोज असंच करतो. मुंबईच्या वाटेवरून बाळासोचा फोन आला, आईचा रिपोर्ट काय म्हणतोय म्हणून. तिनं त्यालाही तेच सांगितलं, पाठवलाय, डॉक्टर सांगतील. बायको शिकलेली आहे, दवाखान्याच्याच कामात आहे, घरी सगळं बघतेय, म्हणून तो निर्धास्त झाला आणि टँकर पुढं काढला.

रविवारी गोळ्यांनी ताप उतरला. धोंडुबाईनं बशीतून चहा घेतला, गौराई आणली का विचारलं, पूर्णिमाला नावानं हाक मारली. घरात जरा हलकं वाटलं. पूर्णिमानं शेजारणीला सांगितलं की उतार पडलाय. दुपारी म्हातारी झोपली ती संध्याकाळी हलवून उठवावी लागली, पण एवढ्या तापातून उठलेलं माणूस झोपणारच, असं सगळ्यांना वाटलं.

पुढं बऱ्याच दिवसांनी मी एकदा तिला विचारलं, की तो रिपोर्ट वाचताना तुझ्या डोक्यात आलं तरी काय. विचारायला नको होतं, पण मला राहवलं नाही. ती म्हणाली, सगळं आलं. पू किती, जंतू आहेत की नाहीत, त्याला काय म्हणतात, म्हाताऱ्या बायकांना त्यानं काय होतं. आजी गोंधळलेल्या अवस्थेत आणल्या, घरच्यांना ओळखत नव्हत्या, अशी सुरुवात असलेले कागद तिनं किती वाचले असतील त्याला गणती नाही. ते सगळं त्या वेळी तिला आठवलं होतं. "पण ते लिहिलेलं असायचं गं, मोना," ती म्हणाली. "आपल्या आधी कुणीतरी लिहिलेलं असायचं." मला तिचा इतका राग आला आणि इतकी दया आली की मी उठून पाणी प्यायला गेले.

सोमवारी सकाळी धोंडुबाई उठवून उठेना. हात गार, ओठ निळसर, आणि आदल्या रात्रीपासून लघवी अशी झालीच नव्हती. पूर्णिमानं शेजारणीला हाक मारली, दोघींनी तिला उचलून जिन्यावरून खाली आणलं. मला फोन आला तशी मी मोठ्या दवाखान्यात पोचले. तिथली डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं काय काय झालं ते विचारलं आणि पूर्णिमानं सांगितलं. जळजळ केव्हा सुरू झाली, हुडहुडी केव्हा भरली, बरळणं केव्हापासून, रिपोर्टमध्ये कुठल्या ओळीत काय आहे, सगळं डॉक्टरी भाषेत, कुठंही न अडखळता. त्या मुलीनं लिहिता लिहिता मान वर केली आणि तुम्ही नर्स आहात का म्हणून विचारलं. पूर्णिमा नाही म्हणाली. मग तिनं रिपोर्ट कधीचा आहे ते विचारलं. शनिवारचा, पूर्णिमा म्हणाली. डॉक्टरनं तिच्याकडं बघितलं आणि ती परत लिहायला लागली.

संसर्ग रक्तात गेला होता. शिरेतून औषधं सुरू झाली, रक्तदाब वर येईना, मग श्वासाचं मशीन लावलं. बाळासो दुसऱ्या दिवशी टँकर संघात लावून तसाच आला, अंगावर खाकी शर्ट, डोळे लाल. त्याला आत सोडलं तेव्हा आई त्याला ओळखण्यापलीकडं गेलेली होती. तो तिच्या पायाला हात लावून उभा राहिला आणि पाय गार हायत, एवढंच परत परत म्हणत राहिला. बुधवारी दुपारी धोंडुबाई गेली.

रक्षाविसर्जनाला मी गेले होते. घाटावरून सगळे घरी आले, गावाकडची माणसं खोलीत मावेनात म्हणून जिन्यावर बसली. जो तो पूर्णिमाचं कौतुक करत होता. शिकलेली असून सासूचं हागणंमुतणं काढलं, असली सून दिवा लावून हुडकली तरी मिळायची नाही, असं एक म्हातारी मोठ्यानं सांगत होती. पूर्णिमा भिंतीला टेकून ते ऐकत होती. तिचा चेहरा बघून मला भीती वाटली. ती एकदम उठली आणि खाली परड्यात गेली. मी मागोमाग गेले. बाळासो तिथं पायरीवर एकटाच बसला होता.

ती त्याच्यासमोर उभी राहून म्हणाली, "मला कळलं हुतं."

त्याला वाटलं दुःखानं बोलतेय. तो म्हणाला, "तू काय डॉक्टर हाईस व्हय? डॉक्टरला न्हाय कळलं, तुला कुठनं कळणार? उगं जिवाला लावून घेऊ नगंस."

"शनिवारीच कळलं हुतं. रिपोर्ट वाचला की मी. रोज त्येच वाचती, अहो. आत्तींस्नी काय झालंय त्ये मला कळलं हुतं. जळजळ हुती त्ये डॉक्टरांस्नी मी सांगितलंबी न्हाय."

बाळासोनं माझ्याकडं बघितलं. "मोनाताई, ही काय म्हंत्या?"

मला खोटं बोलता आलं असतं. तिला भ्रम झालाय म्हणून वर नेता आलं असतं. पण ती माझ्याकडं अशी बघत होती की मी सांगून टाकलं. असले रिपोर्ट वाचणं हेच आमचं काम आहे, म्हटलं, तिला कळणारच.

त्यानं खिशातला मोबाइल काढून हातात धरला. मग म्हणाला, "मी फोन केलता की तुला. इचारलं हुतं."

"व्हय."

"मग?"

"डॉक्टरांनी लिहिलं न्हवतं," पूर्णिमा म्हणाली.

त्याला त्यातलं काही समजलं नाही. मी त्याला आमचा नियम समजावून सांगायला लागले. डॉक्टरनं लिहिल्याशिवाय आम्ही आजार धरत नाही, त्यामागं कारण असं असं आहे. सांगता सांगता माझा आवाज माझ्याच कानावर पडला आणि मी थांबले. परड्यात त्याच्या आईची लुगडी धुऊन वाळत घातलेली होती.

"आईला कळत न्हवतं," बाळासो सावकाश म्हणाला. "तिची शुद्ध गेलती. मला कळत न्हवतं, मी अडाणी माणूस. डॉक्टरला कुणी सांगितलंच न्हवतं. ह्या एवढ्या कोल्हापुरात कळत हुतं ती तू एकटी."

तो तिच्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं हे ओरडून म्हटलं नाही, रडूनही म्हटलं नाही, हिशेब लागल्यावर माणूस बोलतं तसं म्हटलं. मग तो उठला, गुडघ्यावरची माती झाडली आणि पाहुण्यांना जेवायला वाढायचंय म्हणून वर गेला. पूर्णिमा तो बसला होता त्या पायरीवर बसली. वरून तिच्या नावानं कुणीतरी हाका मारत होतं, सुनेला बोलवा, पहिलं ताट तिच्या हातनं वाढू दे.